पुस्तक सुचवायचं ते माणूस बघून

आमच्या साताऱ्याच्या वाचक कट्ट्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी वीस-बावीस जण जमतात. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सतरंजी, गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार खुर्च्या, आणि मधोमध सगळ्यांनी आणलेल्या पुस्तकांचा ढीग. दर वेळी एखाद-दुसरा नवा चेहरा असतो. पहिल्या दिवशी तो गप्प बसून ऐकतो. दुसऱ्या खेपेला आपलं आवडतं पुस्तक छातीशी धरून येतो आणि पाच मिनिटांत इतकं भरभरून बोलतो की ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. पुस्तक पिशवीतून आलं तसं पिशवीतून घरी जातं.

हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. कट्टा असो, ऑफिसातली जेवणाची सुट्टी असो की सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आपण सुचवलेलं पुस्तक समोरच्यानं खरोखर उघडावं म्हणून काय करायचं, ते मी जसं शिकत गेले तसं सांगते.

१. आधी विचारा, पुस्तकाचं नाव नंतर

"तुम्हाला कसली पुस्तकं आवडतात?" असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "सगळीच आवडतात." त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारा. शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं? अर्धवट सोडलेलं कोणतं, आणि साधारण कुठे सोडलं? वाचायला वेळ कधी मिळतो?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं असतं. आवडलेल्या पुस्तकाबद्दल माणूस चार लोक बोलतात तेच बोलतो; सोडलेल्या पुस्तकाबद्दल तो आपलं बोलतो. "पात्रांची नावंच लक्षात राहिना", "सारखं युद्धच चाललंय", "पहिली पन्नास पानं नुसतं निसर्गवर्णन". एवढं ऐकलं की पुढचं पुस्तक निम्मं ठरतं.

तिसरा प्रश्न विचारायला मी फार उशिरा शिकले. रोज एसटीनं कराडला जाणाऱ्या माणसाला कथासंग्रह द्यावा, एका प्रवासात एक कथा संपते. रात्री सगळं आवरून अंथरुणावर पडल्यावर दहा मिनिटं वाचणाऱ्या बाईला जाडजूड ग्रंथ छातीवर पेलवत नाही.

पेलवत नाही हे मी शब्दशः म्हणते आहे. आमच्या शेजारच्या एका काकूंना मी साडेसातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी मोठ्या प्रेमानं नेऊन दिली होती. इतिहास हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. महिन्याभरानं त्यांनी ती परत आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून, सोबत वाटीभर लाडू. खूणचिठ्ठी नवव्या पानावर होती. म्हणाल्या, "माझं डोकंच चालेना गं आता. वाचलेलं पुढच्या ओळीला विसरते." मी पुस्तक उघडून बघितलं तर टाइप मुंगीएवढा, कागद पिवळा पडलेला, आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. त्यांच्या डोक्याला काही झालेलं नव्हतं. मी दिलेलं पुस्तक त्यांना दिसत नव्हतं, आणि त्याचा दोष त्या स्वतःकडे घेत होत्या. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून साठीच्या पुढच्या कुणालाही पुस्तक सुचवताना मी ते आधी हातात तोलते, टाइप बघते आणि खिडकीपाशी नेऊन हात लांब धरून एक परिच्छेद वाचते. काकूंना नंतर मोठ्या टाइपातलं, शंभरेक पानांचं प्रवासवर्णन दिलं. ते त्यांनी चार दिवसांत संपवलं आणि "दुसरा भाग आहे का?" म्हणून विचारायला आल्या. मराठीत आता ऐकायची पुस्तकंही भरपूर मिळतात; ज्यांना वाचणं अवघड जातं त्यांच्या फोनवर एखादं लावून द्यावं. पहिल्या वेळी मात्र शेजारी बसून, कुठलं बटण दाबायचं ते दाखवून.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. माणसाची जात, वय किंवा तो बाई आहे की पुरुष एवढं बघून पुस्तक निवडू नका. "हे तुमच्यातलंच आहे, तुम्हाला आवडेल" असं म्हणत एका मुलीच्या हातात दलित आत्मकथन ठेवलेलं मी पाहिलं आहे. ती विज्ञानकथा शोधायला आली होती. ती पुन्हा कट्ट्यावर आली नाही. ती आत्मकथनं सगळ्यांनी वाचायची आहेत, आणि ज्यांना तो अनुभव नाही त्यांनी आधी. तसंच "बायकांना आवडेल असं" या नावाखाली पाककृती आणि कौटुंबिक कादंबऱ्या पुढे करणं. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं जिकडे नेतील तिकडे जावं.

२. आपलं पुस्तक पुन्हा चाळून बघा

विशीत वेड लावलेलं पुस्तक चाळिशीत आठवणीवर सुचवू नये. आधी मधलीच वीस पानं वाचून बघा. कधी ते अजून तसंच टवटवीत असतं, कधी लक्षात येतं की आपल्याला पुस्तक आवडलं होतं त्याहून जास्त ते दिवस आवडले होते. तसं असेल तर तसं सांगून द्या, काही बिघडत नाही.

दुसरं म्हणजे ते मिळतंय का ते बघा. मराठीत बऱ्याच पुस्तकांची आवृत्ती हजार-पाचशे प्रतींची असते आणि संपली की पुन्हा निघेलच असं नाही. ऐकणाऱ्याच्या मनात इच्छा जागी करायची आणि मग "ते आता मिळत नाही" म्हणायचं, यासारखी निराशा नाही. सुचवण्याआधी आपल्या वाचनालयात प्रत आहे का विचारून ठेवा. दुकानात नसेल तर प्रकाशकाला फोन करा. गठ्ठ्यात तळाशी राहिलेल्या चार प्रती निघतात. पुण्याला जाणं होत असेल तर अप्पा बळवंत चौकात चौकशी करा. कुठेच नसेल आणि तुमच्याकडे एकच प्रत असेल, तर ती देणार आहात की नाही हे कट्ट्यावर जाण्याआधीच ठरवा.

घरात फारशी पुस्तकंच नाहीत, मग सुचवायचं काय, असं नवे लोक विचारतात. दिवाळी अंकांपासून सुरुवात करा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि एका अंकात पाच-दहा लेखक एकदम भेटतात. कुणाची कथा आवडली की त्याचं पुस्तक शोधायचं. बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची योजना असते. एकदाच ठरावीक रक्कम भरली की पुढचे काही महिने अंक बदलून नेता येतात. गट जमला असेल तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना आहे. विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ती सुरू केली. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते, वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी अदलाबदल होते. परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंतही या पेट्या पोचल्या आहेत.

आणि आमच्या जिल्ह्यातच भिलार आहे. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी पुस्तकं मांडली. गावकऱ्यांच्या घरांतच, एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात संतसाहित्य, तिसऱ्यात मुलांची पुस्तकं अशी. आम्ही कट्ट्यातले काही जण एकदा गेलो होतो. जोड्या पाडल्या, आणि प्रत्येकानं आपल्या जोडीदारासाठी एक पुस्तक शोधून आणायचं ठरलं. स्वतःसाठी काही घ्यायचं नाही. कुणाच्या तरी ओसरीवर बसून दुसऱ्याच्या डोळ्यांनी पुस्तकं चाळण्याचा तो सराव मला पुढे फार उपयोगी पडला. तुमच्या गटालाही करून बघायला सांगेन, अगदी गावच्या वाचनालयात केला तरी चालेल.

३. पाच मिनिटांत सांगायचं कसं

कट्ट्यावर साधारण पाच मिनिटं मिळतात. नवा माणूस त्यातली दोन मिनिटं लेखकाच्या पुरस्कारांवर घालवतो, दोन मलपृष्ठावरचा मजकूर वाचण्यात, आणि उरलेल्या एका मिनिटात गोष्टीचा शेवट सांगून टाकतो.

मी काय करते ते एका उदाहरणानं दाखवते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुण शिक्षण सेवक यायला लागला. माण तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकताच रुजू झालेला. कॉलेज सुटल्यापासून अभ्यासाबाहेरचं काही वाचलं नाही म्हणाला. अर्धवट काय सोडलं विचारल्यावर म्हणाला, "जाड पुस्तकं. आणि उपदेश करणारी." वेळ कधी, तर रविवारी. मी त्याच्यासाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' निवडली. त्याला उद्देशून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं मी जे बोलले ते साधारण हे:

"एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर नेमणुकीला येतो. संस्थानी काळ आहे. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे. वाडीचा कारभारी म्हातारा, तो या पोरसवद्या मास्तराकडे बघतो, आणि मास्तराला कळत नाही की आता सुरुवात कुठून करायची. हळूहळू लोक त्याच्याकडे यायला लागतात, पण शाळेच्या कामासाठी नव्हे. पत्र वाचून घ्यायला, भांडण सोडवायला, हिशेब करायला. मग तो मनात घेतो की वाडीत तालीम बांधायची. दीडशे पानांच्या आतबाहेरची गोष्ट आहे, १९५५ सालची. उपदेश कुठे नाही."

एवढंच. त्यानंतर एक परिच्छेद वाचून दाखवला. तो आधीच पेन्सिलीनं खूण करून ठेवला होता आणि घरी दोनदा मोठ्यानं वाचून बघितला होता. तालमीपाशी थांबले. पुढे वाडीवर काय येतं ते सांगायची जीभ शिवशिवत होती, पण तेच तर त्यानं स्वतः गाठायचं होतं.

यातून धरायच्या गोष्टी मोजक्या आहेत. गोष्टीतला माणूस कोण आणि तो कशात अडकलाय हे पहिल्या तीन वाक्यांत यायला हवं. गोष्टीचा पहिला तिसरा हिस्सा सांगायचा, त्यापुढे जायचं नाही. आकार सांगायचा. वाचून दाखवायचा भाग एका मिनिटाचा, आणि तो पुस्तकाच्या सुरुवातीचाच असायला हवा असं नाही. ज्या पानावर तुम्ही स्वतः थांबला होतात ते पान निवडा. ललितेतर पुस्तक असेल तर त्यातली अशी एक गोष्ट सांगा जी तुम्हाला आधी माहीत नव्हती. कवितेचा संग्रह असेल तर बोलूच नका, एक कविता सावकाश वाचा आणि खाली बसा.

४. कुठे अडखळायला होईल तेही सांगा

प्रत्येक पुस्तकात एक चढ असतो. माणदेशी, मालवणी, अहिराणी अशा बोलीतलं पुस्तक असेल तर पहिली वीस-तीस पानं जीभ वळत नाही. "मोठ्यानं वाचा, कान सरावतो" एवढं सांगितलं तरी पुष्कळ लोक तो चढ चढून जातात. न सांगता दिलं तर त्यांना वाटतं आपल्यालाच समजत नाही. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव आवर्जून सांगा. एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद असतात आणि दुसऱ्या हातचा रूक्ष अनुवाद वाचून माणूस मूळ लेखकालाच नावं ठेवतो.

मृत्यू, आजारपण, अत्याचार असं काही पुस्तकात असेल तर तेही आधी कानावर घालावं, एका वाक्यात. ज्याच्या घरात नुकतंच दुःख झालंय त्यानं ते वाचायचं की नाही हे त्याला ठरवू द्यावं. काहींना तेव्हा तसंच पुस्तक हवं असतं. आमच्यातल्या एका बाईंनी नवरा गेल्यावर तीन महिने दुसरं काही वाचलं नाही.

५. लिहून सुचवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यात जास्त दिसणारा मजकूर असा: "अप्रतिम पुस्तक. प्रत्येकानं वाचायलाच हवं. संग्रही ठेवावं असं." सोबत मुखपृष्ठाचा फोटो. या तीन वाक्यांत पुस्तकाबद्दल एक अक्षर नाही. ती कुठल्याही पुस्तकाखाली चिकटवता येतात. 'अप्रतिम', 'खिळवून ठेवणारं', 'अंतर्मुख करणारं' हे शब्द सरळ बाजूला ठेवा आणि मग काय उरतं ते लिहा. नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत ही एक ओळ. गोष्ट कशाबद्दल आहे ती दोन ओळी. कुणाला आवडेल आणि कुणाला कदाचित आवडणार नाही, ही एक ओळ. आपली प्रत द्यायला तयार असाल तर तेही. पाच-सहा ओळींच्या वर गेलात तर लोक 'आणखी वाचा' दाबत नाहीत.

पीडीएफ पाठवू नका. हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षं त्या लेखनावर हक्क असतो. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, साने गुरुजी १९५० साली. त्यांची पुस्तकं आता मुक्त आहेत, ती खुशाल पाठवा. माडगूळकर २००१ साली गेले, म्हणजे 'बनगरवाडी' २०६१ संपेपर्यंत मुक्त होत नाही. पाचशे प्रती खपायला जिथे वर्षं लागतात, तिथे ग्रुपवर फिरणारी एक फाइल पुढची आवृत्ती बंद पाडू शकते. पैशांची अडचण असेल तर प्रत वाचायला द्या, वाचनालयाची वर्गणी भरा, दोघांत मिळून एक विकत घ्या.

६. प्रत देणं, विसरणं आणि परत घेणं

नुसतं नाव सांगण्यापेक्षा प्रत हातात ठेवली तर वाचली जाण्याची शक्यता कितीतरी वाढते, हा माझा अनुभव आहे. देताना तीन गोष्टी करा. खाकी कव्हर घाला. पहिल्या पानावर नाव आणि गाव लिहा. आणि एका वहीत तारीख, पुस्तक, कुणाला, एवढं नोंदवा, समोरच्याच्या देखतच. देखत लिहिण्यात संकोच वाटतो, पण त्यामुळे दोघांनाही बरं पडतं, पुढे "मी दिलं होतं का तुम्हाला?" असं विचारण्याची वेळ येत नाही. मुदत मी तीन आठवड्यांची सांगते. एकुलती एक प्रत, आईची सही असलेली, किंवा जिच्यात तुमच्या खुणा आहेत अशी प्रत देऊ नका. ती गेली तर माणूसही जातो.

मग मागे लागू नका. "वाचलं का?" हा प्रश्न दोनदा विचारला की पुस्तकाचा गृहपाठ होतो. मुदत संपल्यावर फक्त "परत आणताय ना, पुढच्यांना हवंय" असं म्हणावं. न वाचता परत आलं तर हसून घ्यावं आणि कुठे थांबलात तेवढं विचारावं, कारण तेच तुमच्या पुढच्या खेपेचं उत्तर आहे. आवडलं नाही म्हणाले तर वकिली करू नका. मला स्वतःला हे अजून जड जातं. आवडत्या पुस्तकाला कुणी रटाळ म्हटलं की आत कळ येते. तरी ऐकून घ्यायचं.

तुम्हाला कुणी सुचवलेलं पुस्तक तुम्ही सोडलंत, तर तुम्हीही खरं सांगा. "छान होतं" म्हणून परत केलंत की तो माणूस तुम्हाला पुन्हा तसलंच देणार.

माझ्या फिरत्या प्रतींच्या शेवटच्या पानावर, वाचनालयात परतीच्या तारखांची चिठ्ठी असते त्या जागी, मी एक कोरा कागद चिकटवते. वाचून झालं की तारीख आणि मनात आलेली एक-दोन वाक्यं लिहायची, नाव घातलं तर घाला. पुढचा वाचक बहुधा आधी तेच पान उघडतो. 'बनगरवाडी' त्या शिक्षण सेवकानं तीन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी परत आणली. कव्हरवर चहाचा गोल डाग पडला होता, त्याबद्दल चारदा माफी मागितली. घरी येऊन मी मागचं पान बघितलं. निळ्या बॉलपेननं, फळ्यावर लिहितात तशा सुट्या अक्षरांत लिहिलं होतं:

"आमच्या वस्तीवर मेंढरांच्या जागी ऊसतोड आहे. दिवाळीनंतर निम्मा वर्ग रिकामा होतो. मास्तरनं तालीम बांधली, मी काय बांधू ते बघतोय."

त्या कागदावर आता त्याच्या खाली आणखी तीन जणांचं लिहून झालंय.